कोकण बोट : थकलेली बोट आणि गाळात गेलेली बंदरं

विलेपार्ल्याच्या पूर्वेकडे ज्या घरांची मुळं रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडची, त्या घरांत गावी जायचं म्हणजे बोटीनं, असा दोन-तीन पिढ्यांचा शिरस्ता होता. रेल्वे नव्हती आणि रस्ता घाटांचा, खाड्यांवर अडकणारा. पार्ल्याहून पहाटेची लोकल गाठायची, पुढे ट्रंका-वळकट्या टॅक्सीत कोंबायच्या आणि भाऊचा धक्का गाठायचा. भाऊ अजिंक्य यांनी 1841 साली बांधलेला हा धक्का चाकरमान्यांसाठी गावाचा उंबरठाच होता.

या मार्गावर आधी गोऱ्या कंपनीचं राज्य होतं, बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनचं. तिला शह द्यायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वदेशी कंपनी उभी राहिली. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या बोटींना नावं दिली संतांची : तुकाराम, रामदास, सेंट अँथनी. यातली ‘रामदास’ 17 जुलै 1947 रोजी रेवसला जाताना मुंबईजवळच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. आकांत झाला तरी मुंबईला पत्ता नव्हता. किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत त्या दिवसाची आठवण आजही काढली जाते.

तरीही लोक बोटीनं जात राहिले, कारण दुसरं काही परवडत नव्हतं. गोवा मुक्त झाल्यावर पणजीची वाहतूक वाढली. चौगुले कंपनीच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटींची नावं घरोघरी पोचली. पुढे ही सेवा मोगल लाइन कंपनीकडे आली. मुंबईहून सकाळी सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागे. डेकवर सतरंजी टाकून जागा धरायची, बोट लागू नये म्हणून लिंबू आणि आवळासुपारी हाताशी ठेवायची. मे अखेरीस समुद्र खवळला की सेवा बंद, ती थेट पाऊस ओसरेपर्यंत.

खरी कसोटी उतरताना लागे. बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागेल एवढं पाणी नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे लहान होड्या, यायचे. लाटेबरोबर पडाव वर येई, क्षणभर बोटीच्या दाराशी टेके आणि पुन्हा खाली जाई. त्या एका क्षणात खलाशी मूल काखेत धरून खाली देई, आजीबाईंचे दोन्ही दंड पकडून त्यांना अलगद उतरवी, ट्रंक मागाहून येई. चूक करायला जागा नव्हती. बोटीची सगळी भिस्त या माणसांच्या हातांवर होती.

बोटी जुन्या होत गेल्या, दुरुस्त्या वाढल्या. खाड्यांवर पूल झाले, रातराणी एसटी वाडीच्या दारात उतरवू लागली. खाड्यांतला गाळ मात्र साचतच गेला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही सेवा थांबली. बोट म्हातारी झाली म्हणून ती थांबली, हे अर्धंच खरं. म्हाताऱ्या बोटीच्या जागी नवी बोट आणता येते. पण बोटीनं थांबायचं ते बंदरच आपण वाऱ्यावर सोडलं होतं.

त्यानंतर 1990 च्या दशकात गोव्याला कॅटामरान धावली आणि बंद पडली. 26 जानेवारी 1998 पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. 2018 साली ‘आंग्रिया’ क्रूझ आली, 2020 साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह माणसं नेणारी रो-रो सुरू झाली. पुढे जयगड, विजयदुर्गापर्यंत रो-रो नेण्याची योजना आखली गेली. तिचं मनापासून स्वागत.

पण कोकण बोटीचा इतिहास एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मोठ्या बोटीचं उद्घाटन सोपं असतं, अवघड असतं लहान बंदर जागतं ठेवणं. गाळ दरवर्षी काढायला हवा, ओहोटीतही चालेल अशी जेटी हवी, मोटार नसलेल्या माणसाला परवडेल असं तिकीट हवं. जुन्या बोटीनं हर्णैच्या, देवगडच्या, वेंगुर्ल्याच्या साध्या माणसाला मुंबईशी जोडलं होतं. नव्या सेवेचा हिशेब मांडताना याच माणसापासून सुरुवात करावी.