विभागाचे अंतर्गत परीक्षण : तपासणी नव्हे, संधाय संभाषा

आयुर्वेद महाविद्यालयांना तपासणी नवीन नाही. पूर्वी भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेचे पथक येत असे. २०२० च्या कायद्यान्वये जून २०२१ पासून तिची जागा भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाने घेतली. संलग्नतेसाठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थानिक चौकशी समितीही येते. अध्यापक किती, खाटा किती, उपकरणे किती, हे या पथकांनी पाहणे आवश्यकच आहे. परंतु विभागात शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला काय येते, या प्रश्नाचे उत्तर अशा मोजणीतून मिळत नाही. ते शोधण्यासाठी विभागाने स्वतःहून घडवून आणलेले अंतर्गत परीक्षण हवे. असे परीक्षण कसे योजावे आणि त्यात आपण व्यावसायिकांनी का सहभागी व्हावे, याचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत. संधाय संभाषा ही परस्परांविषयी विश्वास असणाऱ्या जाणत्यांची चर्चा होय. तेथे निःशंकपणे विचारावे, निःशंकपणे सांगावे, पराभवाचे भय बाळगू नये. विगृह्य संभाषा ही जिंकण्यासाठी असते. बाह्य तपासणीचे स्वरूप बहुधा दुसऱ्या प्रकाराकडे झुकते आणि विभाग आपले उणे झाकण्याच्या तयारीस लागतो. अंतर्गत परीक्षणात उणे झाकले गेले, तर ते करण्यात काहीच अर्थ उरत नाही.

आपला संबंध काय?

पनवेलच्या वाचकाला हा संबंध सांगावा लागू नये. १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे ‘श्री धूतपापेश्वर’ची स्थापना केली, तेव्हापासून या गावाचे नाव औषधनिर्मितीशी जोडलेले आहे. आज तालुक्यात खारघर येथे आयुर्वेद महाविद्यालयही आहे. औषधनिर्मितीच्या नियमांनुसार उत्पादनावर देखरेख ठेवणाऱ्या तांत्रिक व्यक्तींमध्ये आयुर्वेद पदवीधर असतो. २००० मध्ये आलेल्या ‘शेड्यूल टी’ने कच्च्या द्रव्यापासून तयार औषधापर्यंत प्रत्येक पायरीची नोंद मागितली. ती नोंद करणारा हात रसशास्त्र-भैषज्यकल्पना आणि द्रव्यगुण या विभागांत घडतो. तेथे राहिलेली त्रुटी फार्मसीच्या कोठारात उतरते आणि शेवटी वैद्याच्या चिकित्सेला अपयश देते. बाजारात अशोकाच्या नावाने आसुपालवाची साल येते, वावडिंगाच्या नावाने त्याच कुळातील दुसरी फळे येतात. ती ओळखणारा डोळा तयार झाला की नाही, हे कोणत्याही गुणपत्रिकेवरून समजत नाही.

मंडळ कसे असावे?

पाच जणांचे मंडळ पुरेसे आहे. त्याच महाविद्यालयातील दुसऱ्या विभागाचा एक प्रमुख, अन्य महाविद्यालयातील त्याच विषयाचा अध्यापक, एक चिकित्सक वैद्य, एक फार्मसीचालक आणि पाच-सात वर्षांपूर्वीचा एक माजी विद्यार्थी. विभागप्रमुखाने सर्व माहिती पुरवावी, परंतु मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारू नये. ज्या फार्मसीचा विभागाशी खरेदी-विक्रीचा व्यवहार आहे, तिच्या मालकानेही या मंडळात बसू नये.

सहा आठवडे आधी विभागाने दहा-बारा पानांचे आत्मनिवेदन लिहावे. आपण काय चांगले करतो, कोठे अडतो आणि कोणत्या तीन प्रश्नांवर सल्ला हवा, एवढेच त्यात असावे. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. स्वतःचे प्रश्न स्वतः मांडणारा विभाग संधाय संभाषेस सिद्ध झाला असे समजावे.

प्रत्यक्ष परीक्षण

परीक्षणाच्या दिवशी कपाटांची रांग पाहण्यात वेळ घालवू नये. एक कल्प निवडून त्याचा उलटा माग काढावा. समजा, रुग्णालयात दिले जाणारे अशोकारिष्ट घेतले. बाटलीवरील लेबलापासून निर्मितीच्या नोंदीकडे जावे. कोणता पाठ घेतला, संधान केव्हा लावले, ते पूर्ण झाल्याचे कोणत्या लक्षणांवरून ठरविले, साल कोणी ओळखली, तिचा नमुना राखून ठेवला आहे काय? ही साखळी जेथे तुटेल, तेथे विभागाचे खरे दुखणे सापडेल.

त्यानंतर विद्यार्थ्यांना हाताने काम करू द्यावे. भस्माची वारितर व रेखापूर्णत्व परीक्षा प्रत्येकाने स्वतः करून दाखवावी. अभ्रकभस्म निश्चंद्र आहे किंवा नाही, हे उन्हात पाहून सांगावे. लक्षणे पाठ असणे आणि लक्षण ओळखता येणे यांतील अंतर तेव्हा कळते. विद्यार्थ्यांशी अर्धा तास अध्यापकांच्या अनुपस्थितीत बोलावे आणि त्यांची नावे अहवालात घेऊ नयेत.

अहवालानंतर

पंधरा दिवसांत अहवाल द्यावा. शिफारशी पाचांहून अधिक नसाव्यात. प्रत्येकीपुढे जबाबदार व्यक्ती व मुदत लिहिलेली असावी. विभागाने लेखी उत्तर द्यावे. न पटलेली शिफारस कारण देऊन नाकारण्याचा अधिकार त्यास असावा. सहा महिन्यांनी त्याच मंडळातील दोघांनी पुन्हा भेट द्यावी. औषध लिहून दिले आणि रुग्णास पुन्हा पाहिलेच नाही, तर त्यास चिकित्सा म्हणत नाहीत. परीक्षणाचेही तसेच आहे.

१९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेमुळे अनेक महाविद्यालयांत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष आले. व्यवस्था आहे, कागदही आहेत. उणीव आहे ती बाहेरच्या जाणत्या, मित्रभावी डोळ्याची. नवे पदवीधर कच्चे निघतात, अशी तक्रार आपल्या बैठकांतून वारंवार ऐकू येते. वैद्यबंधू-भगिनींना आणि फार्मसीचालकांना आमची विनंती आहे की, आपल्या जवळच्या महाविद्यालयास पत्र लिहून वर्षातील एक दिवस या कामासाठी देऊ करावा.