भांडे भरले, पण केवढे?

ठाण्यात घरच्यांबरोबर जुनी विजेची मोटार पाहायला गेलात, तर विक्रेता पडद्यावरचा आकडा दाखवील : बॅटरी १०० टक्के! पण त्यावरून भांडे भरले आहे एवढेच कळते. ते केवढे उरले आहे, हे नाही. लिथियम-आयन बॅटरीची धारणक्षमता वय, वापर व उष्णता यांमुळे घटत जाते.

ती अशी मोजा. २०२० साली आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी नवी असताना ३०.२ युनिटची, वीजबिलातलेच हे युनिट. समजा, कल्याणच्या जलद चार्जरवर ती २० वरून ८० टक्क्यांपर्यंत भरायला १५ युनिट लागले. ६० टक्क्यांना १५, तर १०० टक्क्यांना २५. म्हणजे क्षमता उरली सुमारे ८३ टक्के. थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून हा अंदाजच. पण पैसे मोजण्याआधी हे त्रैराशिक मांडाच.