एका दिवसाचं एकटेपण आणि दोन आठवड्यांचं

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये गिलियन मॅथ्यूज कोकेनचा मेंदूवरचा परिणाम तपासत होत्या. काही उंदरांना कोकेन टोचलं, तुलनेसाठी काहींना नुसतं सलाइन. चोवीस तासांनी पाहिलं, तर मेंदूतल्या ‘डॉर्सल राफे’ भागातल्या डोपामिन पेशींचे जोड दोन्ही गटांत बळकट झालेले. सलाइननं असं व्हायचं कारण नव्हतं. उलगडा नंतर झाला : टोचल्यापासून सगळे उंदीर एकेकटे ठेवले होते. पेशींनी दखल घेतली होती ती सोबत तुटल्याची. (नर एकमेकांना चावतात म्हणून कितीतरी प्रयोगशाळांत ते एरवीही वेगळेच ठेवतात. अशा उंदराला ‘सामान्य’ म्हणावं का, हा प्रश्न मला तरी अवघड वाटतो.)

पुढे एमआयटीत के टाय यांच्यासोबत त्यांनी याच पेशींचा पिच्छा पुरवला. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रकाशझोतानं पेशी चेतवल्या की उंदीर दुसऱ्या उंदराकडे ओढ घेई. मात्र पिंजऱ्याच्या ज्या कोपऱ्यात पेशी चेतवल्या जात, तिथं जायचं तो टाळे. म्हणजे ही अवस्था सुखाची नव्हे; भुकेसारखी, टोचून कामाला लावणारी. गटात दादागिरी करणाऱ्या उंदरांवर हा परिणाम जास्त दिसला, हे विशेष.

एक दिवसाचा विरह असा जवळ आणतो. दोन आठवड्यांचा उलटं करतो. कॅलटेकमध्ये मोरिएल झेलिकोव्स्की आणि डेव्हिड अँडरसन यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की इतके दिवस एकटा राहिलेला नर अनोळखी उंदरावर तुटून पडतो आणि धोका टळल्यावरही बराच वेळ जागीच थिजून राहतो. अशा उंदरांच्या मेंदूत ‘टॅक-२’ हे जनुक अनेक ठिकाणी जोरात काम करू लागलेलं आढळलं. त्यातून न्यूरोकायनिन-बी नावाचं रसायन बनतं. गंमत अशी, की ते मेंदूतल्या अमिग्डाला या भागात अडवलं तर भीती ओसरते पण आक्रमकपणा तसाच राहतो. हायपोथॅलॅमसमध्ये अडवलं तर नेमकं उलट. रसायन एकच, पण प्रत्येक ठिकाणी त्याचं काम निराळं. स्किझोफ्रेनियासाठी माणसांवर तपासून झालेलं ओसानेटंट हे औषध दिल्यावर मात्र दोन्ही लक्षणं गेली आणि उंदीर पुन्हा इतरांसोबत ठेवता आले. औषधाशिवाय ते अवघडच. सोबत हवी असलेलाच सोबत्याला चावत सुटला, तर त्याच्या पिंजऱ्यात दुसरा सोडायचा कसा?

वयाचाही हिशेब आहे. आईपासून तोडलेलं पिल्लू एकविसाव्या दिवसापासून दोन आठवडे एकटं ठेवलं, तर मेंदूच्या पुढच्या भागात चेतातंतूंवरचं मायलिनचं वेष्टन पातळ राहतं, असं गॅब्रिएल कॉर्फास यांच्या गटानं २०१२ मध्ये दाखवलं. नंतर ते भावंडांत सोडलं तरी मोठेपणी इतर उंदरांत फारसं रमत नाही. वयाच्या पस्तिसाव्या दिवसानंतर एकटं पडलेल्याच्या मायलिनला मात्र असा धक्का लागत नाही.