मांडीवरचा प्रवासी

पांझरेच्या काठी देवपुरात चैत्र उजाडला की एकवीरादेवीच्या मंदिराभोवती वर्दळ वाढू लागते. खानदेशातील आणि खानदेशाबाहेरीलही असंख्य घराण्यांची ही कुलदेवता. घरात मूल जन्मले की त्याचे जाऊळ देवीच्या पायाशी उतरवावयाचे, हा कुळाचार मोडण्याची छाती पुण्या-मुंबईस स्थायिक झालेल्यांनाच काय, सातासमुद्रापलीकडे गेलेल्यांनाही सहसा होत नाही. एके काळी ही बाळे शिरपूर-साक्रीहून एस.टी.ने, फार तर सुरतेकडून तापी खोऱ्यातील रेल्वेने येत. आता हैदराबाद-बंगळूरला संगणकाच्या व्यवसायात असलेला मुलगा आणि त्याच्याइतकीच शिकलेली सून दहा-अकरा महिन्यांचे मूल घेऊन विमानाने निघतात. धुळ्याला नियमित विमानसेवा नाही. गोंदूरला धावपट्टी आहे, परंतु तिकीट काढून तेथे उतरता येत नाही. त्यामुळे ओझर, शिर्डी, छत्रपती संभाजीनगर किंवा जळगाव यांपैकी कोठेतरी उतरावयाचे आणि पुढचा रस्ता मोटारीने कापावयाचा, असा हा प्रवास आहे.

या प्रवासातील सर्वांत लहान प्रवाशाचा विमान कंपनीच्या हिशेबात दर्जा कोणता, हे पाहण्यासारखे आहे. दोन वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला आसन नसते. त्याने आई-बापाच्या मांडीवर बसावयाचे. आंतरराष्ट्रीय वाहतुकीत अशा मुलासाठी मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के आकारण्याची रूढी जुनी आहे. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्या एक ठरावीक रक्कम घेतात. या रकमेमागे खर्चाचा आधार फारसा नाही. दोन वर्षांखालील मुलाला विमानतळाचा विकास-आकार माफ आहे. मुलाचे वजन दहा किलो धरले तरी ते प्रत्येक प्रवाशास विनामूल्य नेता येणाऱ्या पंधरा किलोंच्या सामानापेक्षा कमीच भरते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर या प्रवाशाचा सीमांत खर्च शून्याच्या जवळपास आहे. आणि दुसरा वाढदिवस साजरा होताच तेच मूल पूर्ण भाड्याचे होते. पूर्वी दोन ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असे. २००३ नंतर स्वस्त दराच्या कंपन्या आल्या आणि ‘सर्वांनाच स्वस्त’ या घोषणेखाली ही सवलत हळूहळू नाहीशी झाली. एस.टी. आणि रेल्वे पाच वर्षांपर्यंत मुलाला फुकट नेतात. अर्थात रेल्वेनेही २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ मागितल्यास पूर्ण भाडे लावले आहेच. तेव्हा मुलांच्या बाबतीत हात आखडता घेण्याचा दोष एकट्या विमान कंपन्यांच्या माथी मारता येणार नाही.

पैशांपलीकडे दुसरा प्रश्न शरीराचा. मोठी जेट विमाने तीस-पस्तीस हजार फुटांवरून जातात तेव्हा आतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरील दाबाइतका ठेवलेला असतो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, उटी सव्वासात हजारांच्या. म्हणजे सपाटीवरचे तान्हे मूल अर्ध्या तासाच्या आत उटीच्या हवेत पोचते आणि तेवढ्याच वेळात खाली येते. कान आणि घसा यांना जोडणारी बारीक नळी गिळण्याच्या क्रियेने उघडते आणि कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. मोठी माणसे जांभई देतात, गोळी चघळतात. मुलाला हे सांगून कळत नाही. त्याची नळी मुळात अरुंद, त्यात सर्दी असली तर ती बंदच. वर चढताना त्रास कमी, उतरताना अधिक. म्हणून जाणत्या आया मुलाला उतरण्याच्या वेळी पाजतात. विमानाचे उतरणे चाके टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधीच सुरू झालेले असते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. पट्टे बांधण्याची सूचना होईपर्यंत मूल पिऊन झोपी गेलेले असते आणि मग कानाच्या कळीने किंचाळत जागे होते. सर्दीने नाक चोंदलेल्या मुलाला निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे, हा सल्ला त्यासाठीच दिला जातो.

हे किंचाळणे ऐकून आजूबाजूचे प्रवासी ज्या नजरेने पाहतात, तिच्याविषयीही एक शब्द लिहिला पाहिजे. धुळे-शिरपूर एस.टी.त मूल रडू लागले तर शेजारची अनोळखी बाई ‘आण इकडे’ म्हणून ते उचलून घेते, मागच्या बाकावरून कोणी बिस्कीट पुढे करते. विमानात प्रत्येकाने आपल्या शांततेचेही पैसे भरलेले असतात, अशी समजूत आहे. ज्या राज्याच्या एस.टी. महामंडळाने स्थानकांवर हिरकणी कक्ष उभारण्याचा विचार तरी केला, त्या राज्यातील सुशिक्षितांनी विमानात पदराआड मूल पाजणाऱ्या आईला संकोचून टाकावे, हे फारसे भूषणावह नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच तिकिटावरील आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी आसन द्यावे, असे कंपन्यांना बजावले. आई आणि मूल शेजारी बसावीत हे सांगण्यासाठी सरकारला आदेश काढावा लागतो, यावरूनच आसनांचा व्यापार कोठवर गेला आहे याची कल्पना यावी.

तथापि खरा आणि गंभीर प्रश्न मांडीचाच आहे. मांडी ही सुरक्षित जागा आहे काय? १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोकडे निघालेल्या विमानाचे शेपटीकडील इंजिन फुटून सुकाणूची सारी यंत्रणा निकामी झाली आणि ते आयोवा राज्यातील सू सिटीच्या धावपट्टीवर कोसळले. विमानात २९६ माणसे होती. ११२ मरण पावली. विमानात चार मुले मांडीवरची होती. मुख्य विमानसेविका जॅन ब्राउन यांनी त्या वेळच्या नियमपुस्तकाप्रमाणे आई-बापांना मुले खाली जमिनीवर ठेवून हातांनी धरण्यास सांगितले. आदळण्याच्या क्षणी ती हातांत राहिली नाहीत. एक तान्हे वरच्या सामानाच्या कप्प्यात जिवंत सापडले. दुसऱ्या एका मुलाची आई त्याला शोधण्यासाठी जळत्या सांगाड्याकडे परत धावत आली. ते मूल वाचले नाही. जॅन ब्राउन यांनी पुढील आयुष्याचा मोठा काळ ‘प्रत्येक मुलाला स्वतःचे आसन’ या एकाच मागणीसाठी वेचला.

मागणीमागील शास्त्र सोपे आहे. दहा किलोचे मूल नेहमीच्या तिप्पट जोराच्या हिसक्यात तीस किलोचे होते. आईचे प्रेम कितीही असो, तिच्या मनगटांना तेवढे बळ नसते. अपघातच व्हावयास हवा असेही नाही. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणारे विमान हवेच्या खळबळीत सापडले तेव्हा एक प्रवासी दगावला आणि पट्टे न बांधलेले कित्येक जण छतावर आपटले. युरोपात आईच्या पट्ट्याला जोडलेला छोटा पट्टा मुलाला बांधणे सक्तीचे आहे. अमेरिकेने नेमका तोच पट्टा निषिद्ध मानला, कारण जोराच्या आघातात आईचे शरीर मुलावर दुमडते आणि पट्ट्यामुळे मूल त्याखालीच अडकते. खळबळीत उपकारक, अपघातात अपायकारक, असे ते साधन आहे. निर्वेध उपाय एकच: मुलासाठी वेगळे आसन आणि त्यावर बांधलेली बाल-खुर्ची.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने ही शिफारस वारंवार केली. विमानचालन प्रशासनाने २००५ साली ती अखेर फेटाळली. फेटाळण्याचे कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुळातून अभ्यासावे असे आहे. आसन सक्तीचे केले की कुटुंबाला एका तिकिटाचे भाडे जास्त पडेल. काही कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील. मोटारीचा रस्ता विमानापेक्षा कितीतरी धोक्याचा. सबब विमानात वाचणाऱ्या मुलांपेक्षा रस्त्यावर मरणारी माणसे अधिक होतील. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात असे अनुमान काढले होते, की सक्तीमुळे त्या देशात विमानांतील वर्षाला अर्ध्याहून कमी बालमृत्यू टळतील, आणि पाच ते दहा टक्के कुटुंबे जरी रस्त्याकडे वळली तरी हा लाभ बुडेल.

हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु त्याच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे: मुलाचे आसन पूर्ण भाड्यानेच विकले जाईल, हे. पर्यायी वस्तूकडे ग्राहक वळतो तो किंमत वाढल्यामुळे; सुरक्षिततेमुळे नव्हे. तेच आसन पाव किंवा अर्ध्या भाड्यात मिळाले तर रस्त्याकडे वळणारे कितीसे राहतील? आणि जी आसने रिकामीच उडणार आहेत, त्यांच्यावर मुलाला बसविण्यास कंपनीला खर्च तो कोणता? वस्तुतः धोका आणि भाडे यांची सांगड निसर्गाने घातलेली नाही, ती दरपत्रकाने घातली आहे. तिला आकड्यांचे कवच चढवून अपरिहार्य ठरविणे हा शास्त्राचा दुरुपयोग म्हटला पाहिजे.

मात्र रस्त्याविषयीचे अर्धे म्हणणे खरे आहे, आणि देवपूरच्या बाबतीत तर ते दुपटीने खरे आहे. भारतात २२ मे २०१० रोजी मंगळूरला १५८, ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला २१, आणि १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत विमानातील २४२ पैकी २४१ माणसे गेली. या दुर्घटनांची दुःखे कोणी कमी लेखणार नाही. पण २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, म्हणजे दररोज साडेचारशेहून अधिक. रस्त्याने हिंडणारे पुष्कळ आणि विमानाने उडणारे थोडे, हे मान्य करूनही अंतराच्या हिशेबात विमान पुष्कळच सुरक्षित ठरते. तेव्हा हैदराबादेहून ओझरला आलेल्या त्या बाळाचा खरा धोक्याचा प्रवास विमानतळाच्या फाटकाबाहेर सुरू होतो. पिंपळगाव, चांदवड, राहुडचा घाट, मालेगाव आणि मग धुळे, असा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा आग्रा रस्ता. त्यावर अहोरात्र धावणारे मालमोटारींचे तांडे. विमानात ज्याला पट्टा बांधला होता ते मूल आता पुढल्या आसनावर आजोबांच्या मांडीवर, कित्येकदा काचेला नाक लावून उभे असते. आजोबांना त्यात काही वावगे वाटत नाही. पहिलाच नातू, त्याला गाड्या दाखवावयाच्या असतात.

कायदा नाही असे नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४-ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बाल-आसनात सुरक्षित न बसविता गाडी चालविल्यास एक हजार रुपये दंड आहे. भाड्याच्या टॅक्सीत बाल-आसन सहसा नसतेच. कुटुंबाने ते विकत घ्यावे तर चार दिवसांच्या प्रवासासाठी हजारो रुपये घालावे लागतात. ज्या वस्तूची गरज प्रत्येकाला थोड्याच दिवसांपुरती असते, ती भाड्याने मिळण्याची सोय झाली नाही तर कायदा कागदावरच राहतो.

रस्ता जितका तोकडा, तितका धोका कमी. जळगावचा विमानतळ देवपूरहून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. पण तेथील विमानसेवेचा इतिहास मलेरियाच्या तापासारखा आहे: ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली आणि बंद पडली, २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीने पुन्हा सुरुवात केली, तीही टिकली नाही, २०२४ मध्ये गोवा आणि हैदराबाद जोडले गेले. तान्ह्या मुलाचा प्रवास महिनाभर आधी ठरवावा लागतो, आणि महिनाभराने विमान असेलच याची खात्री नसली की कुटुंब दूरचा पण भरवशाचा विमानतळ पसंत करते.

याच योजनेत सरकारच्या हाती एक साधन आयतेच आहे. ‘उडान’च्या मार्गांवर काही आसनांचे कमाल भाडे सरकार ठरविते आणि कंपनीची तूट सार्वजनिक निधीतून भरून काढते. ज्या आसनाला जनतेच्या पैशाचा टेकू आहे, त्यावर पाच वर्षांखालील मूल अर्ध्या भाड्यात बसावे आणि त्याच्यासोबत आणलेली बाल-खुर्ची कंपनीने नाकारू नये, अशी अट घालण्यास नवा कायदा नको. करारातील एक कलम पुरे. दुसरी गोष्ट तर याहून सोपी. ओझर आणि जळगावच्या विमानतळांवर टॅक्सींना थांबा देताना पाच-दहा बाल-आसने दिवसाच्या भाड्याने ठेवण्याची अट घालता येईल. धुळ्याच्या एखाद्या रोटरी किंवा लायन्स मंडळाने मनावर घेतले, तर चैत्रातील यात्रेपुरता हा प्रयोग येत्या वर्षीही करून पाहता येईल, आणि जाऊळ उतरविण्यासाठी आलेल्या किती कुटुंबांनी आसन मागून नेले याची साधी नोंदवही ठेवली तरी पुढील वर्षी किती लागतील ते कळेल.