माणूस चंद्रावर गेला होता काय? अमडापूरच्या पारावरचा वाद आणि लोणारचा बोअर

डवरणी-निंदणी उरकली आणि पावसाने दडी मारली की अमडापूरसारख्या गावात पार भरून जातो. सोयाबीनचे भाव होतात, राजकारण होते आणि मग कोणीतरी तो जुना विषय काढतो. माणूस खरंच चंद्रावर गेला होता काय?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी आपले चांद्रयान-३ उतरले, तेव्हा वाद मिटेल असे वाटले होते. तो काही मिटला नाही. ‘टीव्हीवर तर हनुमानही उडते भाऊ, म्हणून काय तो कॅमेऱ्यापुढं उडाला?’ असा बिनतोड सवाल येतो आणि शिकलेली पोरे गप्प होतात.

शंका घेणाऱ्याला अडाणी ठरवण्याचे कारण नाही. बोगस बियाण्याने ज्याची दुबार पेरणी झाली, तो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशाला विश्वास ठेवील? शिवाय ही शंका आपल्या गावची नाहीच. खुद्द अमेरिकेत बिल केसिंग नावाच्या गृहस्थाने चंद्रावर कोणी गेलेच नाही असे पुस्तक १९७६ मध्ये काढले. त्या धाटणीचे मुद्दे आज मोबाईलवर फिरतात.

मुद्दे ठरलेले आहेत. हवा नाही तर झेंडा फडकला कसा? झेंड्याच्या वरच्या काठात आडवी दांडी ओवलेली होती. त्यामुळे तो पसरलेला राहिला, आणि घडीच्या चुण्या फडकल्यासारख्या दिसतात. फोटोत चांदण्या का नाहीत? लग्नाच्या मांडवात हॅलोजनखाली फोटो काढा आणि मागच्या आभाळात चांदण्या शोधा. चंद्रावर तर तेव्हा भर ऊन होते.

याहून वजनदार पुरावा दगडांचा आहे. १९६९ ते १९७२ या काळात सहा फेऱ्यांत बारा जण चंद्रावर चालले आणि त्यांनी ३८२ किलो दगड-माती आणली. अभ्यासासाठी तिचे नमुने देशोदेशी गेले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही आले. रशिया त्या वेळी अमेरिकेचा हाडवैरी. त्याच्या बिनमाणसाच्या लूना-१६ यानाने १९७० मध्ये स्वतः शंभरेक ग्रॅम माती आणली होती. अमेरिकेचा माल नकली असता, तर बोंब मारणारा पहिला रशियाच असता.

आता आपल्याच जिल्ह्यात या. चिखली, मेहकर करत लोणारला गेलो की काळ्या पाषाणात पडलेला सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा दिसतो. विष्णूने लवणासुराला मारले ती ही जागा, असे पुराण सांगते. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर त्याचेच. शास्त्रज्ञांतही इथे मोठा वाद होता. कोणी म्हणे ज्वालामुखीचे तोंड, कोणी म्हणे वरून उल्का पडली. शेवटी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी तळ्याच्या बुडात बोअर घेतले. खालून निघालेल्या चुऱ्यात दगडाची काच झालेली सापडली. नुसत्या उष्णतेने अशी काच होत नाही, त्याला प्रचंड धक्काच बसावा लागतो. १९७३ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि उल्केची बाजू पक्की झाली.

चंद्राच्या काळ्या पठारांचा दगडही आपल्यासारखाच, लाव्हाचा. तशा दगडात उल्केने पडलेले खड्डे पृथ्वीवर फार थोडे. म्हणून चंद्रावरून आणलेल्या दगडांशी लोणारचे दगड ताडून पाहिले गेले. धक्क्याच्या खुणा दोन्हीकडे जुळत्या निघाल्या. स्टुडिओत दगड रंगवणाऱ्याला आपल्या लोणारच्या बोअरमधून काय निघणार हे आधी कोण सांगणार होते?

दुसरी गोष्ट अपयशाची. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चा लँडर उतरताना आदळला आणि सारा देश टीव्हीपुढे हळहळला. नाटकच करायचे तर पडण्याचे कोण करील? त्याचा वर फिरणारा भाग मात्र चालू राहिला. अमेरिकेचे अपोलो-११ जिथे उतरले होते, त्या जागेचा फोटो त्याने २०२१ मध्ये काढला. हा पुरावा आपल्याच कॅमेऱ्याचा.

जुन्या मंडळींना १९७९ चा जुलै आठवत असेल. स्कायलॅब पडणार म्हणून गावोगाव घबराट होती. वर काहीच नाही म्हणणारेही तेव्हा आभाळाकडे पाहत होते! ११ जुलैला त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले.

असो. हा वाद नुसता करमणुकीचा असता तर एवढी शाई खर्चण्याचे कारण नव्हते. पण आता उपग्रह आपल्या सातबाऱ्यापर्यंत आला आहे. मोजणीला येणारा रोव्हर उपग्रहाच्या खुणेवर चालतो. २०२१ पासूनची ई-पीक पाहणी मोबाईलमधून वावराचे ठिकाण टिपते. पीकविम्यात उत्पन्नाचा अंदाज काढताना उपग्रहाच्या माहितीचा आधार घ्यायला देशात २०२३ पासून सुरुवात झाली. भरपाई कमी आली की पारावर एकच सूर निघतो, ‘उपग्रह-बिपग्रह समदं खोटं.’

इथेच शेतकरी हातचा दावा घालवतो. उपग्रह खोटा म्हणणाऱ्याचा अर्ज कोण वाचणार? खरा मुद्दा वेगळा आहे. वरून पिकाचा हिरवेपणा दिसतो, शेंगेतला दाणा दिसत नाही. फुलोऱ्यात पावसाने ताण दिला आणि शेंगा पोचट राहिल्या, तरी सोयाबीन काही दिवस वरून हिरवेगारच दिसणार. यंत्र खरे असूनही त्यावरून काढलेला अंदाज चुकू शकतो, आणि तसे कागदावर म्हणता येते. पावसाचेही तेच. मंडळाच्या पर्जन्यमापकात पाणी पडते आणि दोन कोसांवरची शिव कोरडी राहते. भेंडवळची घटमांडणी ऐकून आलेला माणूस रात्री मोबाईलवर ढगांचा फोटो पाहतोच की, त्यात त्याला काही वावगे वाटत नाही. तीच समजूत विम्याच्या भांडणातही चालवावी.

त्यासाठी पीक कापणी प्रयोगाकडे लक्ष हवे. बहुतेक गावांत तो कधी झाला हेच कळत नाही, मग भांडण कशाच्या जोरावर करणार? प्रयोग कोणत्या गटात पडला हे तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे), ग्रामसेवकाला किंवा कृषी सहायकाला आधीच विचारून ठेवावे. सरपंच आणि पोलीस पाटलांनी कापणीच्या दिवशी वावरात स्वतः उभे राहावे, ग्रामस्तरीय समितीचे ते कामच आहे. दाणे पुढ्यात वजन करून घ्यावेत आणि आकडा वाचल्याशिवाय कोणी सही करू नये.