मांस-गुणवत्तेची आनुवंशिकी

मांसाचा मऊपणा, रंग, रसाळपणा, स्वाद आणि स्नायूंतील चरबीचे प्रमाण हे गुणधर्म पुढील पिढीत कसे उतरतात, त्यांवर कोणत्या जीनांचा (गुणसूत्रांवरील आनुवंशिक घटकांचा) प्रभाव असतो व त्या ज्ञानाचा पशुपैदाशीत कसा उपयोग करता येतो, यांचा विचार पशुप्रजननशास्त्राच्या या शाखेत केला जातो. मांसाची प्रत केवळ आनुवंशिकतेवर ठरत नाही. प्राण्याचे वय, आहार, कत्तलीपूर्वीचा ताण व कत्तलीनंतरची हाताळणी यांचाही तिच्यावर मोठा परिणाम होतो. त्यामुळे आनुवंशिक फरक ओळखण्यासाठी सारख्या परिस्थितीत वाढविलेल्या प्राण्यांचीच तुलना करावी लागते.

निवडीतील अडचण : दूध किंवा लोकर यांचे मोजमाप जिवंत प्राण्यावर करता येते, मांसाचा मऊपणा मात्र बहुतांशी कत्तलीनंतरच मोजता येतो. म्हणजे ज्याची परीक्षा झाली तो नर पैदाशीस उरत नाही. म्हणून पूर्वी नराच्या संततीची कत्तल करून त्याची पारख करीत. या पद्धतीस खर्च व वेळ फार लागतो. उलट वजन व वाढीचा वेग सहज मोजता येत असल्याने निवडीचा भर त्यांवरच राहिला आणि काही वेळा अधिक मांसाबरोबर त्याची प्रत घसरली.

प्रमुख जीन : कत्तलीनंतर स्नायूंतील ग्लायकोजेनापासून लॅक्टिक अम्ल तयार होते व सुमारे ७ असलेले पीएच मूल्य (अम्लता दर्शविणारा अंक) साधारणपणे एका दिवसात ५·५ च्या आसपास येते. धड गरम असतानाच ही घट झपाट्याने झाल्यास प्रथिने बिघडतात व मांस फिकट, लिबलिबीत आणि पाणी सोडणारे होते. अधिक मांसल डुकरांत हा दोष वारंवार आढळे व अशी डुकरे ताणाने अचानक मरतही. स्नायूंतील कॅल्शियमाच्या वहनाशी संबंधित जीनातील एका उत्परिवर्तनाने (आनुवंशिक द्रव्यातील आकस्मिक बदलाने) हे घडते, असे १९९१ मध्ये सिद्ध झाले. तेव्हापासून रक्ततपासणीने वाहक प्राणी ओळखून वगळता येऊ लागले.

मेंढ्यांतील कॅलिपिज हे उत्परिवर्तन १९८३ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एका डॉर्सेट मेंढ्यात दिसून आले. त्यामुळे मागील भागाचे स्नायू फार भरतात. परंतु स्नायूंतील प्रथिने तोडणाऱ्या कॅल्पेन या एंझाइमाला रोखणारे कॅल्पास्टॅटिन वाढल्याने मांस चिवट होते. स्नायूंच्या वाढीस आवर घालणाऱ्या मायोस्टॅटिनाच्या जीनातील बदलामुळे बेल्जियन ब्लू गुरांचे स्नायू असाधारण वाढतात, हे १९९७ मध्ये समजले. त्यांचे मांस कमी चरबीचे व मऊ असते. मात्र वासरे मोठी असल्याने प्रसूतीसाठी अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. सारांश, एका जीनाचा लाभ दुसरीकडे किंमत मोजल्यावाचून क्वचितच मिळतो.

बहुजीनी गुणधर्म : मऊपणा व चरबी हे गुणधर्म मात्र सामान्यतः अनेक जीनांच्या अल्प प्रभावांतून घडतात. त्यांसाठी सर्व गुणसूत्रांवरील हजारो खुणांवरून प्राण्याचे पैदासमूल्य वर्तविण्याची पद्धत २००१ मध्ये मांडली गेली. ऑस्ट्रेलियात २००७ पासून मेंढ्यांच्या कळपांत संततीच्या मांसाचे मोजमाप करून ती वापरण्यात आली. त्यातून केवळ चरबी कमी करण्याच्या निवडीने मांसाची चव व मऊपणा घटू शकतो, हे स्पष्ट झाले.

महाराष्ट्रातील कार्य : महाराष्ट्रात मटणासाठी मुख्यतः दख्खनी व माडग्याळ मेंढ्या आणि उस्मानाबादी, संगमनेरी व कोकण कन्याळ शेळ्या पाळल्या जातात. एका ज्ञात जीनाचा पैदाशीत वापर करण्याचे राज्यातील ठळक उदाहरण मांसाच्या प्रतीशी नव्हे, तर कोकरांच्या संख्येशी निगडित आहे. फलटण (जि. सातारा) येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळ मेंढीपासून बुरूला हा बहुप्रसवतेचा जीन दख्खनी मेंढीत आणला. गारोळ मेंढी जुळी-तिळी देते, पण आकाराने फार लहान असते. म्हणून संकरित प्रजेचा दख्खनी व मांसासाठी नावाजलेल्या बन्नूर (मंड्या) मेंढ्यांशी पुनःपुन्हा संकर करावा लागला. या जीनातील नेमका बदल २००१ मध्ये कळल्यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने थेट डीएनए चाचणी उपलब्ध झाली व थोड्या रक्तावरून वाहक नर निवडता येऊ लागले. या कार्यातून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार झाला. त्यात जीनाची एक प्रत असलेल्या मेंढ्यांना जुळी होण्याचे प्रमाण लक्षणीय वाढते.

उपयुक्ततेच्या मर्यादा : पावसाळा संपल्यावर घाटमाथ्यावरील धनगरांचे वाडे कोकणात उतरतात आणि रायगड जिल्ह्यात रोहा, पेण यांसारख्या भातपट्ट्यांत कापणीनंतर खाचरांत खतासाठी मेंढ्या बसवितात. अशा कळपात मेंढीला रोज मैलोन्‌मैल चालावे लागते. पुरेसे दूध व खुराक नसेल तर जुळ्यांपैकी एक कोकरू दगावण्याचा धोका असतो. त्यामुळे जीनाची उपयुक्तता पालनपद्धती पाहूनच ठरवावी लागते.

मांसाच्या प्रतीबाबतही हेच खरे आहे. आपल्याकडे जनावराचा सौदा बहुधा वजनाच्या अंदाजाने होतो, मटण ताजेच विकले जाते व बराच वेळ शिजवून रश्शात खाल्ले जाते. मऊपणाबद्दल पालकाला वेगळा भाव मिळत नाही, तोवर केवळ वजनावर निवड करण्याकडे कल राहणार. असे करताना स्थानिक जातींची चव व काटकपणा नकळत गमावला जाऊ नये, यासाठी संकर व्यापक करण्यापूर्वी या जातींच्या मांसाचे मोजमाप व नोंदी ठेवणे आवश्यक ठरते. गमावलेला गुण परत मिळविणे हे नवा गुण आणण्यापेक्षा कठीण असते.