आधी उजेड बघा!

"जुहूला नाही तर कुठे, ते तूच सांग मावशी!" भाची फोनवर अगदी रडवेली झाली होती. २०२५ च्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा. लग्न चार दिवसांवर. नऊवारीतले फोटो जुहूच्या वाळूवर काढायचे म्हणून तिने दोन महिने आधीच फोटोग्राफर ठरवला होता. आणि २६ मेला मान्सून मुंबईत हजर! एरवी तो ११ जूनच्या सुमारास येतो. त्याच हिशेबाने मुलुंडचा हॉल, मेंदी, फोटो असं सगळं बेतलेलं.

आम्ही वाकोल्याची माणसं पावसाच्या बाबतीत जरा सावधच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, ते सांताक्रूझ आमचंच. त्यामुळे 'थांबेल गं संध्याकाळपर्यंत' असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. मीही म्हटलं नाही.

मग जागांचा शोध सुरू झाला. हॉलमधली वधूची खोली बघितली. खिडकी नाही, वर चार ट्यूबलाइट आणि भिंती गुलाबी. तिथे गोरी काय नि सावळी काय, सगळ्यांचे चेहरे सारखेच विचित्र दिसणार. कुणीतरी मॉल सुचवला. मोबाइलवर चार फोटो काढले तर तिथे कुणी काही म्हणत नाही, पण मोठा कॅमेरा आणि दिव्यांच्या छत्र्या दिसल्या की वॉचमन परवानगीचं पत्र मागतो. स्टुडिओत दिवे उत्तम, पण मागे तोच रंगवलेला पडदा.

माझ्या मनात मात्र वेगळंच होतं. माझी आई वाकोल्यात भावाकडे राहते. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. हिवाळ्यात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आजी लग्नाला येऊ शकणार नाही हे घरात सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणीच नव्हतं. मी धीर करून म्हटलं, "मामाच्या घरी काढूया का फोटो?"

"मावशी, त्या खोलीत? फ्रिज, कपाटं, माळ्यावर बॅगा!"

तरी फोटोग्राफरला घेऊन मी आदल्या दिवशी साडेदहाला गेले, म्हणजे ज्या वेळी फोटो काढायचे त्याच वेळी. हे महत्त्वाचं आहे हं! सकाळी उजळ वाटणारी खोली दुपारी अंधारी असू शकते. त्याने आत आल्या आल्या काय केलं असेल? ट्यूबलाइट बंद केली! बाहेरचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र झाले की चेहरा एका बाजूने वेगळा, दुसऱ्या बाजूने वेगळा दिसतो म्हणे. मग वहिनीने ग्रिलमधले वाळत घातलेले कपडे काढले, पडदा सरकवला, आणि खोली उजळली. आभाळ भरलेलं असलं की उजेड मऊ येतो, नाकाखाली काळ्या सावल्या पडत नाहीत. भाचीला दारापासून दोन पावलं आत, दाराकडे तिरकं तोंड करून उभं करायचं ठरलं. दुसऱ्या बाजूला मामाने पांढरी चादर धरायची, म्हणजे त्या गालावरही उजेड परततो. मागे पाच-सहा फूट मोकळी भिंत मिळाली की पुरे. कपाटाच्या आरशावर तेवढी साडी टाकली, नाहीतर त्यात मामाच दिसला असता!

तुमच्याकडे गावी तर आमच्यापेक्षा छान जागा असतात. वाड्याची ओसरी, सुट्टीत रिकामा असलेला शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप. मात्र मुख्याध्यापकांना, पुजाऱ्यांना आधी विचारा. मांडवात लाल किंवा केशरी कापडाखाली काढाल तर चेहऱ्यावर तोच रंग उतरेल. मुहूर्त गोरज असेल तर नवरीचे एकटीचे फोटो दुपारीच उरका, नंतर खिडकीचा काही उपयोग नाही. आणि एसी खोलीतून कॅमेरा एकदम दमट हवेत काढला की काचेवर वाफ धरते. बॅग न उघडता थोडा वेळ बाहेर ठेवायची, मग काढायचा.

दुसऱ्या दिवशी पाऊस धो धो. आईने सकाळपासून निळं नऊवारी नेसून घेतलं होतं. "तो वॉकर दिसू देऊ नका," एवढीच तिची अट. तिला दाराजवळ खुर्चीत बसवलं, भाची पायाशी पाटावर बसली. फोटोग्राफर अजून काहीतरी जुळवत होता, तोच आई म्हणाली, "नथ वाकडी बसलीय गं तुझी," आणि वाकून ती सरळ करायला लागली. त्याने तोच क्षण टिपला.

अल्बमात तो फोटो पहिल्या पानावर आहे. मागे कोपऱ्यात फ्रिजची मूठ दिसते. ती कापून टाकू का, असं फोटोग्राफरने विचारलं होतं. भाची म्हणाली, "नको, राहू दे. मामाचं घर आहे ते."